हातांपुरता वेग

शहरातली माणसं कधी उठतात, कधी जेवतात आणि कधी लवंडतात, हे ताईंना कोणाच्या दारात न जाता ठाऊक असायचं. इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत त्या दर ठरवायच्या. कोणत्या वेगाला किती पैसे, महिन्याचे ठरावीक घ्यायचे की वापर मोजून घ्यायचे, कोणाला सूट द्यायची आणि दिलेली सूट कोणत्या तोंडाने परत घ्यायची, हे सगळं त्यांच्या टेबलावर शिजायचं. टेबल तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला लागून. समोरच्या पडद्यावर दिवसभर एक निळी रेघ सरकत असायची. सगळं शहर मिळून त्या क्षणी किती इंटरनेट वापरतंय, ते ती रेघ सांगायची.

सकाळी सहाला रेघ कूस बदलायची. आठला उठून बसायची. दहाला कामाला लागायची, दुपारी दोनला पुन्हा आडवी व्हायची, आणि संध्याकाळी सात वाजले की घरोघरचे टीव्ही एकदम सुरू होऊन ती अशी चढायची की पडद्याच्या वरच्या कडेला टेकेल. ताई तिच्याकडे बघत बसल्या की चहा निवून जायचा. पाऊण-एकच्या सुमाराला रेघेवर एक बारीकसा उंचवटा यायचा. तो म्हणजे कोणी तरी निवृत्त गृहस्थ जेवण उरकून बुद्धिबळ खेळायला बसतात, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हजारो घरांच्या रेघेत एक माणूस दिसत नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण एकदा आठवडाभर तो उंचवटा आला नाही, तर त्यांना त्या गृहस्थांच्या तब्येतीची काळजी लागून राहिली.

मालक म्हणायचे, "ताई, तुम्ही दर ठरवताय की ढग बघताय?" मालक म्हणजे जिन्यातला दिवासुद्धा स्वतः जाऊन बंद करणारा माणूस. पण ताईंनी काढलेला दर कधी अंगाशी येत नसे, म्हणून ते तेवढं बोलून खाली उतरायचे आणि उतरता उतरता दिवा बंद करायचे.

आता या धंद्याची एक गंमत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. ही कंपनी स्वतः इंटरनेट आणायची एका मोठ्या कंपनीकडून, ठोक भावाने. आणि मोठी कंपनी पैसे लावायची ते महिन्यातल्या सगळ्यात उंच टोकाप्रमाणे. संध्याकाळी रेघ जिथवर चढली, तिथवरचे पैसे. मग बाकीचा दिवस तुम्ही वापरा नाही तर नका वापरू. वर्षातून दोनदा पाहुणे येतात म्हणून मोठं पातेलं घ्यावं आणि एरवी ते फळीवर पालथं पडून असावं, तशी दुपारची ती जागा रिकामी पडून असायची. पैसे भरलेली आणि बिनकामाची.

तीन वर्षांपूर्वी ताईंनी सुचवलं, दुपारी दोन ते चार सगळ्यांना मोफत करू. कितीही वापरा, मोजणी नाही.

"मोफत?" मालकांना तो शब्द उच्चारतानाही खर्च आल्यासारखं वाटलं.

"आवळा देऊन कोहळा काढू," ताई म्हणाल्या. "दुपारच्या मोफतला भुलून लोक येतील आणि संध्याकाळचा प्लॅन घेतील. आपल्याला दुपार पडते कितीला? काहीच नाही."

हिशोब चोख होता. वर्षभरात गिऱ्हाईक दीडपट झालं आणि मालकांनी ताईंच्या टेबलाशी नवी खुर्चीही दिली. पण खरं सांगायचं तर ताईंनी ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं. दुपारची मोफत वेळ त्यांनी काढली होती ती आपल्या आईसाठी.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीलाही नाही. दोघी लहानपणी एकाच अंथरुणात झोपायच्या आणि तिथेच त्यांनी हातांची एक भाषा तयार केली. शाळेत शिकवतात ती वेगळी. यांच्या भाषेत शेजारणीला एक खूण होती, शेजारणीच्या खोट्या हसण्याला वेगळी, आणि त्या दोन खुणा जोडल्या की दोघींना हसू आवरत नसे. मावशी आता मुलाकडे राहायची, तीन तासांच्या अंतरावर, याच कंपनीची तार जिथे संपते त्या टोकाला. तिच्या घरी सगळ्यात स्वस्त प्लॅन होता, वापर मोजून पैसे घेणारा. तो प्लॅन ताईंनीच काढलेला. थोडं वापरणाऱ्या गरीब माणसाला परवडावा म्हणून काढला होता आणि त्याचा त्यांना बराच अभिमान होता.

मग एक दिवस मावसभावाचा फोन आला. "ताई, अगं या दोघींच्या गप्पांत महिन्याचा डेटा आठ दिवसांत उडतो. मी काय करू सांग."

ताईंनी कागद घेतला आणि मांडून पाहिलं. आवाजाला डेटा लागतो चिमूटभर. चित्राला लागतो ओंजळभर. हात हलताना दिसायला हवेत तर चित्राशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ऐकू येणारीने "कशी आहेस?" विचारलं तर एक दर, आणि न येणारीने विचारलं तर त्याच्या वीसपट. हा भेद कोणी दुष्टाव्याने केला नव्हता, ताईंनी केला होता, आणि वर त्याला त्या गरिबांचा प्लॅन म्हणत होत्या. त्या दिवशी त्यांना स्वतःची फार लाज वाटली. मावशीचं बिल आपण भरतो म्हणाल्या, तर मावसभाऊ फुरंगटला. "माझ्या आईच्या बोलण्याचे पैसे दुसऱ्याने द्यायचे? मी काय मेलोय?" तेव्हा दर ठरवणारं माणूस जे करू शकतं ते त्यांनी केलं. मावशीला घरकाम आणि नातवंडांतून उसंत मिळायची ती दोन ते चार. ती वेळ त्यांनी शहरापासून तारेच्या टोकापर्यंत सगळ्यांनाच फुकट करून टाकली.

सुट्टीच्या दिवशी ताई आईच्या खोलीत पलंगावर आडव्या व्हायच्या. पडदे ओढलेले, उजेड मधासारखा. टेबलावरच्या पडद्यात मावशी आणि समोर आई, आणि चार हात हवेत. आवाज काही नाही. मधूनच आईच्या घशातून हसण्याचा एक हुंकार निघायचा, तिला स्वतःला कधी न ऐकू आलेला. हातांच्या सावल्या भिंतीवरून छतापर्यंत जायच्या आणि ताईंना डोळा लागायचा. अर्धवट झोपेत त्यांना वाटायचं, आपण पुन्हा चार वर्षांच्या आहोत, आणि या दोघी आपल्याबद्दल काही तरी चांगलं बोलतायत. कचेरीतसुद्धा दोन वाजले की त्या रेघेकडे बघत बसायच्या. हिच्यात कुठे तरी ते चार हात आहेत, एवढं पुरायचं त्यांना.

पण फुकट ते पौष्टिक. शहराला दुपारची चटक लागली. शिंपी दोन वाजता पडद्यावरून गिऱ्हाइकांना कापडं दाखवू लागला. व्यायामशाळावाल्याने दुपारचा वर्ग काढला. केस कापणाऱ्याने दुकानात भिंतीएवढा टीव्ही आणून टांगला आणि दाढी एकाची, सिनेमा बाराजणांना, असं सुरू झालं. संध्याकाळी बघायचे सिनेमे लोक दुपारीच उतरवून ठेवू लागले. शहाणी माणसं ती! झोपाळू रेघ दोनच्या ठोक्याला ताडकन उठून उभी राहू लागली, आणि तिसऱ्या वर्षी एका महिन्यात दुपारचं टोक संध्याकाळच्या टोकाच्याही वर गेलं. पातेलं दुपारीच उतू गेलं.

मोठ्या कंपनीचं बिल घेऊन मालक तिसऱ्या मजल्यावर आले, ते जिन्यातला दिवा तसाच ठेवून. त्यावरूनच ताई काय ते समजल्या.

"सोमवारपर्यंत दुपारला किंमत लावा," मालक म्हणाले. "नाही तर बंद करा. मधलं काही मला सांगू नका."

त्या दिवशी ताई दुपारीच घरी आल्या. आई पडद्यासमोर बसलेली. पडद्यावर मावशी होती, पण हलत नव्हती. दोन्ही हात छातीपाशी वर उचललेले आणि तिथेच अडकलेले. आई तिच्याकडे बघून मंद हसत होती. ताईंनी खुणेनं विचारलं, "अडकलं का?" आईने हात हलवला. "येईल. गर्दी असते या वेळी."

म्हणजे किंमत लावली तर मावशीची दुपार जाणार, आणि नाही लावली तर ती गेल्यातच जमा होती. जी दुपार आईसाठी उघडली, ती सगळ्यांना उघडल्यामुळेच आईला मिळेनाशी झाली होती. वीस वर्षं दर ठरवणाऱ्या बाईला हे आधी दिसू नये? ताईंना स्वतःचा असा राग आला की त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. बरं, किंमत लावावी तर ती काय करते हेही त्यांना पाठ होतं. किंमत लावली म्हणून ज्याला गरज नाही तो जात नाही. ज्याच्याकडे नाही तो जातो. टीव्हीवाला राहिला असता आणि मावशी गेली असती.

दोन दिवस त्या रेघेकडे बघत बसल्या. शुक्रवारी तार ओढणारा माणूस, त्याला सगळे खांबवाला म्हणत, कसली तरी सही घ्यायला वर आला आणि त्यांचं तोंड बघून म्हणाला, "ताई, आमच्याकडे नळाला पाणी कमी झालं ना, की नगरपालिका वेळ कमी करत नाही. तोटी बारीक करते."

ताईंनी सही करता करता मान वर केली.

वेळ तीच ठेवायची, मोफतच ठेवायची, पण प्रत्येक घराचा वेग मर्यादित करायचा. ज्याला भिंतीएवढा सिनेमा हवा त्याने पैसे मोजून वेग वाढवून घ्यावा. बाकी सगळ्यांना फुकट, हातांपुरता. फक्त हातांना किती वेग पुरतो? हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते सांगणारं माणूस त्यांच्या घरातच पडदे ओढून बसलेलं होतं.

शनिवारी दुपारी खांबवाल्याने आईची आणि मावशीची, दोन्ही लायनी गर्दीतून बाजूला काढून दिल्या. ताईंनी वेगाच्या आठ पायऱ्या केल्या. आठवीला चित्र लख्ख, मग एकेक पायरी खाली. दर पायरीला मावशीने काही तरी एक नवं सांगायचं आणि मावसभावाने ते ताईंच्या फोनवर लिहून पाठवायचं, नोंद म्हणून. ताई पडद्याच्या मागे बसल्या, आईचा चेहरा दिसेल अशा, मांडीवर वही घेऊन.

आठवी पायरी. "कळलं?" आईने मान हलवली. कळलं. सातवी. कळलं. सहावी, पाचवी, चौथी. कळलं, कळलं, कळलं. तिसरीला ताई जरा पुढे सरकल्या. दुसरी. कळलं. पहिली. आईने शांतपणे मान हलवली. कळलं.

ताईंना नाचावंसं वाटलं. पहिल्या पायरीत अख्खं शहर मावलं असतं, आणि वर जागा उरली असती. मालक खूश, मावशी खूश. त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि नोंदी उतरवून घ्यायला फोन उघडला. पहिल्या पायरीला मावशी म्हणाली होती: शेजारच्यांनी भिंतीला निळा रंग दिलाय, खिडकीतून बघितलं की गार वाटतं.

त्यांनी आईला सहज विचारलं, "शेवटी काय म्हणाली गं मावशी?"

"गुडघा बरा आहे म्हणाली."

"आणि त्याच्या आधी?"

"नातवंडं मजेत आहेत."

फोनवर त्या जागी होतं: काल माझा चष्मा सापडत नव्हता, तो फ्रिजमध्ये निघाला.

ताईंनी पडदा आपल्याकडे वळवला. त्यात मावशी नव्हतीच. तपकिरी चौकोन होते नुसते, कोणता हात आणि कोणती खुर्ची ते ओळखू न येणारे.

"आई, तुला काही दिसत तरी होतं का?"

आई लाजली. चोरी पकडल्यासारखी हसली आणि मग सावकाश हात उचलले.

"एकदा विचारलं की लोक परत सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की तोंड वाकडं करून सांगतात. तिसऱ्यांदा म्हणतात, काही नाही, जाऊ दे. मी फार 'जाऊ दे' बघितलेत. त्यापेक्षा कळलं म्हणून टाकलेलं बरं."

"आणि हे इतके महिने? चित्र अडकायचं तेव्हा?"

"मी मान हलवते. तीही हलवते. मला दिसतं ना, तिलाही काही कळलेलं नसतं. पण समोर तर असते."

ताई तिथेच रडल्या. आईने त्यांना रडू दिलं. पडद्यातले चौकोन इकडून तिकडे हलत राहिले, म्हणजे मावशी काय झालं म्हणून विचारत असावी.

मग डोळे पुसून ताईंनी वहीतलं पान फाडलं आणि पुन्हा आठव्या पायरीपासून सुरुवात केली. या वेळी "कळलं का" नाही विचारलं. "काय म्हणाली?" विचारलं. पाचवीपर्यंत आईने बरोब्बर सांगितलं. चौथीला जरा डोळे बारीक केले, पण सांगितलं. तिसरीला ती थांबली. सवयीने मान हलायला लागली होती, ती तिने मध्येच अडवली. कपाळापाशी हात नेला आणि रिकामा खाली सोडला. नाही कळलं.

एवढी एक खूण करायला तिला केवढे कष्ट पडले! पण एकदा जमली म्हटल्यावर तिला त्याचा नादच लागला. दुसऱ्या पायरीला मावशीने हात उचलायच्या आधीच, नाही कळलं. पहिलीला दोन्ही हातांनी, नाही कळलं, नाही कळलं! शाळेत पहिल्यांदा उद्धटपणा केलेल्या मुलीसारखी ती ताईंकडे बघत होती. चौथी पायरी ठरली, आणि त्या पायरीवर बहिणींनी निळ्या भिंतीबद्दल पाऊण तास गप्पा मारल्या. रंग उन्हात फिका पडेल की नाही, यावर कडाक्याचं भांडणही झालं.

सोमवारी मालकांनी कागद दोनदा वाचला. दुपारची रेघ संध्याकाळच्या बरीच खाली राहत होती, त्यात चूक काढता येईना. टीव्हीवाल्याकडून वर पैसेही येत होते.

"पण ताई, ही चौथीच पायरी का? दुसरी का नाही? अजून वाचले असते. हा आकडा आणला कुठून?"

ताईंना काही तरी तांत्रिक सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "माझ्या आईला तिथवर कळतं. तिच्या खाली कळत नाही." आणि मग तीन वर्षं लपवलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

मालकांनी कागद टेबलावर ठेवला. "म्हणजे आवळा लोकांना आणि कोहळा आपल्याला, असं सांगितलं होतंत, आणि खरा कोहळा तुमच्या घरी गेला तर."

"तुमच्याकडेही आलाच की."

"आला खरा," मालक म्हणाले आणि चौथ्या पायरीपुढे सही केली. जाताना जिन्यातला दिवाही बंद केला. ताई अंधारात चाचपडत, हसत खाली उतरल्या.

घरी शिरता शिरताच त्यांनी आईला सांगायला सुरुवात केली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने घाईघाईच्या खुणा, तोंड निम्मं दाराकडे. गेली कित्येक वर्षं त्या अशाच सांगायच्या. आईने सगळं बघून मान हलवली. कळलं.

ताई थांबल्या. "काय सांगितलं मी?"

आईने विचार केला. "मालक रागावले. बंद करणार."

ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि आईच्या समोर जमिनीवर बसल्या. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. "माझं किती कळतं तुला?"

दोन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर आई म्हणाली असती, सगळं. आता तिने सावकाश हात उचलले.

"लहान होतीस तेव्हा सगळं कळायचं," ती म्हणाली. "नोकरी लागल्यापासून निम्मं."

ताईंनी दिवा लावला. दोन्ही हात मोकळे केले आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. आधी त्या निळ्या रेघेबद्दल, बुद्धिबळवाल्या गृहस्थांबद्दल, मालकांच्या दिव्याबद्दल, वीस वर्षं आपण रोज तिसऱ्या मजल्यावर जाऊन नक्की काय करतो त्याबद्दल. हात गंजले होते, खुणा आठवून आठवून करायला लागत होत्या. मध्येच आई पुढे झाली आणि तिने त्यांची मनगटं धरली.

"हे नाही कळलं," ती म्हणाली. "परत सांग."

ताईंनी परत सांगितलं.